उष्णतेचा पंप आणि घरची साक्ष

पंप म्हटला की आपल्याला विहीर आठवते. रनाळ्याच्या शिवारात काय, किंवा नंदुरबार-दोंडाईचाच्या वाटेवरच्या कुठल्याही गावात काय, खालचे पाणी वर आणणारे यंत्र म्हणजे पंप, हे पोराबाळांनाही ठाऊक असते. पण उष्णतेचाही पंप असतो, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात येऊन बसलेला आहे, असे सांगितले तर एखादा श्रोता म्हणेल, "गुरुजी, वैशाखात अंगाची लाही लाही होते. तिथे उष्णता आणखी उपसून आणायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी पाहू. मग त्याहून अवघड अशा दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. तो असा, की असले यंत्र घरात आल्यावर त्याचे पुढे काय होते, आणि ते आपल्याला कळावे कसे?

पाणी उंचावरून सखल जागी आपण होऊन वाहते. खालून वर न्यायचे तर कोणाला तरी राबावे लागते. पूर्वी मोटेला बैल राबत, आता वीज राबते. उष्णतेचा स्वभाव असाच आहे. गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे ती आपण होऊन जाते. चुलीवरून उतरवलेले दूध निवते ते म्हणूनच. उलट दिशेने, म्हणजे थंड जागेतली उष्णता काढून गरम जागी नेऊन टाकायची असेल, तर तिलाही पंप लागतो. आणि थंड वाटणाऱ्या वस्तूतही उष्णता असते, बरं का! पौषातल्या पहाटेच्या हवेत ती असते, नदीच्या पाण्यात असते. फक्त ती इतक्या खालच्या पातळीवर असते, की आपल्या कामी येत नाही. पंप तिला उचलून कामाच्या पातळीवर आणतो.

हे घडते कसे? दोन रोजचे अनुभव आठवा. दवाखान्यात सुई टोचण्यापूर्वी दंडाला स्पिरिटचा बोळा लावतात, तेव्हा गार वाटते. स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता सोबत घेऊन जाते. दुसरा अनुभव सायकलच्या पंपाचा. चाकात हवा भरताना पंपाचे बूड तापते, कारण दाबली गेलेली हवा गरम होते. उष्णतेच्या पंपात या दोन्ही गोष्टींची सांगड घातलेली असते. एका बंद नळीतून चटकन उडणारा एक द्रव सतत फिरत असतो. थंड बाजूला त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो तिथली उष्णता शोषून घेतो. मग विजेवर चालणारा कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, तशी ती तापते. ही तापलेली वाफ दुसऱ्या बाजूच्या नळ्यांत जाऊन आपली उष्णता बाहेर टाकते आणि पुन्हा द्रव बनते. पुढे एका बारीक नळीतून जाताना द्रवाचा दाब उतरतो, तो गार होतो, आणि पुन्हा पहिल्या बाजूला येतो. रहाटगाडग्याचे लोटे जसे भरून वर येतात आणि रिते होऊन खाली जातात, तसा हा फेरा चालू राहतो.

आता ओळखलेत ना हे यंत्र? आपला फ्रीज तो हाच. आतल्या भाजीची, दुधाची, पाण्याच्या बाटल्यांची उष्णता तो उपसतो आणि घरात टाकतो. चालू फ्रीजच्या मागच्या जाळीजवळ किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावा, ही उपसलेली उष्णता हाताला लागेल. म्हणूनच फ्रीजचे दार उघडे ठेवून खोली गार करता येत नाही. पुढून जितकी उष्णता घ्यायची तितकी मागून टाकायची, आणि वर विजेची भर! वर्गात हा प्रश्न विचारून पाहा, मुलांची छान चर्चा होते. एअर कंडिशनरही याच जातीचा. त्याचे गरम टोक तेवढे भिंतीबाहेर असते. आपला कूलर मात्र या घराण्यातला नाही. त्याचे नाते माठाशी. पाणी उडते आणि हवा निवते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम काम देतो आणि श्रावणात नुसताच घरघरतो.

हाच पंप उलट्या हेतूने वापरला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून घरात किंवा पाण्यात आणून सोडली, की त्याला लोक खास 'हीट पंप' म्हणतात. कल्पना जुनी आहे. इंग्लंड-स्कॉटलंडात नावाजलेले शास्त्रज्ञ विल्यम टॉमसन, पुढे ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणू लागले, त्यांनी १८५२ मध्ये ती मांडली. त्यानंतर चारपाच वर्षांतच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एका मिठागरातले खारे पाणी आटवण्यासाठी असे यंत्र चालवून दाखवले. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडातील झुरिक शहराच्या नगरभवनाला शेजारच्या नदीच्या थंड पाण्यातून उष्णता उपसून ऊब दिली गेली. आज थंड देशांत लाखो घरांत हे पंप आहेत. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या घरीही ते दिसतात. आपल्या देशात हॉटेले, वसतिगृहे आणि काही शहरी घरे आंघोळीचे पाणी त्यावर तापवू लागली आहेत.

त्यात फायदा काय, हे हिशेबाने पाहू. एका माणसाच्या आंघोळीचे पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटात अशा ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे बादलीत विजेचा रॉड टाकला, तर एका माणसामागे सुमारे एक तृतीयांश युनिट, आणि पाच माणसांच्या घराला पावणेदोन युनिटे. उष्णतेचा पंप वीज जाळून उष्णता निर्माण करीत नाही, तो ती वाहून आणतो. चांगला पंप एका युनिटाच्या खर्चात तीन युनिटांइतकी उष्णता आणून देतो. म्हणजे त्याच पाच बादल्या सुमारे सहा दशांश युनिटात! आणि चुलीवर? तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहावा हिस्सा जेमतेम भांड्याला लागतो. तेव्हा एका बादलीमागे पाऊण किलोच्या आसपास सुके लाकूड गेले असे समजा.

हिशेब तर झकास झाला. पण हा कागदावरचा हिशेब आहे, आणि खरी गोम इथेच आहे. 'चांगला पंप तीन पट देतो' हे आपण प्रयोगशाळेच्या भरवशावर म्हटले. प्रयोगशाळेत पोरे दार उघडे टाकत नाहीत, वीज जात नाही, भिंतीला चिकटून यंत्र ठेवायला जागेची अडचण नसते. घरात ते सगळे असते.

ब्रिटनमधील एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट या संस्थेने ही तपासणी चालत्या घरांत केली. ८३ घरांतल्या पंपांवर मोजमापाची यंत्रे बसवली आणि घरच्या माणसांना प्रश्न विचारले. २०१० मध्ये अहवाल आला. काही घरांत पंपाने तिपटीहून अधिक उष्णता दिली होती. बरीच घरे दोन आणि अडीच यांच्या मध्ये होती, आणि काही तर त्याहीपेक्षा खाली. फरक पडला तो पंप बसवणाऱ्याच्या कामामुळे, घराला तो किती मोठा निवडला यामुळे, आणि वापरणाऱ्यांच्या सवयींमुळे. सूचना कळत नाहीत, बटणे समजत नाहीत, असे पुष्कळांनी सांगितले. ही माणसे अडाणी नव्हती. जन्मभर ज्या शेगडीवर घर तापवले तिची सवय अशी, की थंडी वाजली की भडकवायची, ऊब आली की बंद करायची. उष्णतेचा पंप मात्र मंद आचेवर, सलग चालण्यात खूश असतो. विहीर जितकी खोल तितकी मोटारीला मेहनत जास्त. तसेच इथे, पाणी जितके अधिक कढत मागाल तितकी वीज जास्त. पुढे त्या घरांपैकी काही ठिकाणी दुरुस्त्या केल्या, पुन्हा मोजले, आणि २०१३ च्या दुसऱ्या अहवालात बऱ्याच पंपांचे काम सुधारलेले दिसले. घरी जाऊन पाहिले नसते, तर दोष कुठे आहे हे कळलेच नसते.

आपल्याला हा धडा नवा नाही. घरातल्या उष्णतेचा आपला मोठा अनुभव चुलीचा. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने बिनधुराच्या 'मगन चुली'चा प्रसार केला. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळला गेला, तोवर देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. आता तुमच्या गावातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारा, की त्यांतल्या किती चुली दोन पावसाळे पाहून उभ्या राहिल्या? कुठे धुराड्यात काजळी साचली आणि ते साफ करायचे कसे हे कोणी सांगितले नाही. कुठे चुलीचे तोंड लहान, पऱ्हाटीची लांब काडी आत जाईना. कुठे दुसऱ्या वैलावर भाकरी फुगेना. चूल दिल्याची नोंद कागदावर राहिली, आणि स्वयंपाक पुन्हा जुन्या चुलीवर गेला.

ओरिसात, म्हणजे आताच्या ओडिशात, रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २६०० कुटुंबांत अशाच सुधारित चुलींचा मागोवा चार वर्षांपर्यंत घेतला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक नाहीसा झाला. चुली नीट राखल्या गेल्या नाहीत आणि रोज पेटवल्याही गेल्या नाहीत. जळणही वाचले नाही. प्रयोगशाळेत हीच चूल चांगली ठरली होती. पहिल्या वर्षाअखेर तपासणी थांबवली असती, तर योजना यशस्वी म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली असती. वर्षानुवर्षे त्याच घरात परत जाण्याचे महत्त्व ते हे.

गॅसची कथा याहून बरी, तरी सरळ नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियाला सुरू झाली, आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. हे काम थोडे नाही. पण त्याच वर्षी महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यात या जोडण्यांवर वर्षाला सरासरी सव्वातीन सिलिंडरेच भरून घेतली जात असल्याचे दिसले. ज्या घरी सगळा स्वयंपाक गॅसवर होतो, तिथे एवढ्यावर वर्ष निघणे कठीण. मग उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे सांगायला नको.

याचा दोष घरच्या बाईला देणे सोपे आहे. पण तिच्या बाजूने पाहा. सिलिंडरला एका वेळी रोख रक्कम मोजावी लागते, आणि शेतमजुराच्या हाती पैसा येतो तो आठवड्याच्या आठवड्याला. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी घरचीच असते. आपल्या खानदेशात भरताची वांगी काड्यांच्या जाळावरच भाजायची, मांडे उपड्या खापरावरच करायचे. ती चव गॅसच्या ज्योतीवर येत नाही, असे घरात सगळेच म्हणणार. त्यातून पहाटे पाच हंडे पाणी तापवायला कोणी गॅस जाळील? म्हणून एकाच घरात गॅस असतो, चूल असते, रॉडही असतो. प्रत्येकाला त्या बाईने आपापले काम वाटून दिलेले असते. तिचा हा हिशेब मूर्खपणाचा नाही. मात्र त्यात एक रक्कम मांडायची राहून जाते, ती म्हणजे तिचे डोळे आणि तिची छाती. किर्क स्मिथ नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर धूर मोजण्याचे छोटे उपकरण लावून पाहिले. १९८३ मध्ये त्यांचा निबंध छापून आला, तेव्हा घरातला धूर हा जगापुढे आकड्यांत मांडला गेला. तोवर चुलीचा धूर म्हणजे बाईच्या नशिबाचा भाग, यापलीकडे कोणी फारसे पाहत नव्हते.

आता पुन्हा आपल्या पंपाकडे येऊ. रनाळ्यासारख्या गावात आंघोळीचे पाणी तापवणारा हीट पंप आज शोधावा लागेल. फ्रीज मात्र शोधावा लागत नाही. त्याच्यावर ताऱ्यांची पट्टी असते, तिच्यावर वर्षाची युनिटे छापलेली असतात. लहान एकदारी फ्रीजला साधारण दीडशे-दोनशे. हा आकडा ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. पण पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्याच्या दुपारी, भिंतीला चिकटवून, वर प्लास्टिकचे आच्छादन घातलेला, शेजारच्या चार घरांना बर्फ पुरवणारा फ्रीज किती युनिटे खातो? ते पट्टीवर लिहिलेले नाही. ते त्या घरीच कळेल. आणि नुसती युनिटे मोजून फ्रीजची किंमत कळणार नाही. कोणाच्या घरी त्यात इन्शुलिन असते, कोणाच्या घरी विकायचे दूध असते. वीज सहा तास गेली तर एकाचे नुकसान पाच रुपयांचे आणि दुसऱ्याचे जिवाशी.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही चौकशी तुमची शाळा करू शकेल. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पण काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य घरे निवडण्याचे. ओळखीची, रस्त्यावरची, पक्की घरेच घेऊ नका. गावठाण, वस्ती, मळा, सगळीकडची थोडी थोडी घ्या. ज्यांनी यंत्र घेऊन बंद ठेवले, ती घरे तर मुद्दाम घ्या. सगळ्यांत जास्त शिकायला मिळते ते तिथेच.

दुसरे पथ्य विचारायचे कोणाला याचे. बिल भरणारा एक आणि यंत्र चालवणारी दुसरी, असे पुष्कळ घरी असते. ओसरीवर बसून कर्त्या माणसाला विचारले तर उत्तर मिळेल, "हो, सगळा स्वयंपाक गॅसवरच होतो." आत जाऊन त्या माउलीला विचारले, तर उत्तर निराळे येईल. म्हणून मुलींना आणि शिक्षिकांना या कामात पुढे ठेवा. प्रश्न घरच्या बोलीत विचारा. अहिराणी बोलणाऱ्या आजीला ग्रांथिक मराठीत विचारले तर ती "हो" एवढेच म्हणून मोकळी होईल. "तुम्ही चूल वापरता का?" असे विचारण्यापेक्षा "काल सकाळी काय काय रांधले, कशावर रांधले?" असे विचारा. कालचे माणूस खरे सांगतो. 'नेहमीचे' विचारले, की चांगले दिसेल ते सांगतो.

तिसरे पथ्य मोजण्याचे. सकाळी सरपणाचा ढीग तोलून ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेला तोला, त्या दिवशी घरात जेवणारी माणसे मोजा. असे सलग काही दिवस करा. विजेच्या मीटरवरचा दिवा एका युनिटाला किती वेळा लुकलुकतो, हे बहुधा मीटरवरच छापलेले असते. घरातले बाकी सगळे बंद ठेवून फ्रीज चालू असताना तासभर लुकलुक मोजली, की मुलांना गणित आणि विज्ञान एकदम शिकवून होते. मात्र कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, हे ध्यानात ठेवून एकाच तासावर निष्कर्ष काढू नका. आणि हे सगळे एकदा पौषात, एकदा वैशाखात, एकदा पावसाळ्यात करा. एका ऋतूची साक्ष अर्धीच असते.

चौथे पथ्य सभ्यतेचे. घर ही कोणाची तरी खाजगी जागा आहे. आधी परवानगी मागा. "नको" म्हटले तर नमस्कार करून परत फिरा. कोणाच्या घरी काय आढळले, ते नावानिशी गावभर करू नका. कोणाला नावे ठेवण्यासाठी आपण गेलेलो नाही.

एवढे कशासाठी करायचे, असे कोणी विचारील. यापुढे घरोघरी विजेवरच्या शेगड्या येतील, सूर्याच्या उष्णतेवरचे बंब येतील, उद्या उष्णतेचे पंपही येतील. काही आपण विकत घेऊ, काही योजनेतून मिळतील. किती यंत्रे वाटली याचा आकडा वरच्या कचेरीत तयार असतो. किती चालतात, किती बंद आहेत आणि का, हा आकडा गावानेच द्यायचा असतो. तो दिला नाही, तर सुधारित चुलींचे झाले तेच पुन्हा होईल, आणि धूर खाणारी माणसेही तीच राहतील.

चौकशी झाली म्हणजे कागद कपाटात ठेवू नका. ज्या घरांनी वेळ दिला, त्यांना निकाल आधी सांगा. कोणाचा फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्याने काम भागेल, कोणाच्या धुराड्यातली काजळी एका दुपारी निघेल. जे घरच्या हाती नाही, म्हणजे विजेचा कमी दाब, सिलिंडरची वेळ, दुरुस्तीचा मिस्तरी, ते लिहून ग्रामसभेपुढे ठेवा. त्या यादीखाली आकडे असले, आणि ते आपल्याच गावच्या मुलांनी मोजलेले असले, म्हणजे तिच्याकडे कानाडोळा करणे पुढाऱ्यांनाही जड जाते.